पेनसिल्व्हेनियात हरणाची शिकार: चकमकीची ठासणी की इनलाइन?

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा प्रश्नच उरला नाही. इथली माहिती अमेरिकेत परवाना काढून व्हाइटटेल हरणाच्या मागे जाणाऱ्यांसाठी आहे.

दोन्ही बंदुका नळीच्या तोंडातून ठासून भरायच्या: चकमकीची गारगोटीच्या ठिणगीने पेटते, इनलाइन नळीच्या मागे बसवलेल्या प्रायमरने (ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीने). आधी मोसम ठरवा, मग बंदूक. पेनसिल्व्हेनियात नाताळानंतरचा मोसम 1974 पासून चकमकीच्या बंदुकीचा आहे. नळीचा व्यास किमान .44 इंच, दुर्बीण नाही. ऑक्टोबरच्या ठासणी मोसमात इनलाइन आणि दुर्बीण दोन्ही चालतात. कोलोराडोच्या ठासणी मोसमात दुर्बीण, दारूच्या दाबून केलेल्या वड्या, सॅबो (गोळीभोवतीचं प्लॅस्टिकचं वेष्टन) यांना मनाई. नियमपुस्तिका दरवर्षी नव्याने वाचा.

.50 च्या चकमकीच्या बंदुकीत ‘दोन एफ’ (मध्यम दाण्याची) काळी दारू 70 ते 80 ग्रेन (दारू मोजायचं छोटं एकक), वजनाने नव्हे, मापाने. दारूच्या शिंगातून थेट नळीत कधीही ओतू नका: आत निखारा राहिला असेल तर अख्खं शिंग हातात फुटेल. मापात घ्या, मग ओता. .015 इंच जाडीची तेलकट चिंधी, त्यावर .490 ची शिशाची गोळी, आणि गजाने एकाच दाबात दारूपर्यंत. भरलेल्या बंदुकीसाठी गजावर खूण करून ठेवा. खूण नळीच्या तोंडाशी आली नाही, तर गोळी अधांतरी आहे. अशी बंदूक झाडली की नळी फुगते.

नळीबाहेरच्या छोट्या प्याल्यात ‘चार एफ’ (अगदी बारीक) रंजक, म्हणजे ठिणगीने आधी पेटणारी दारू, साधारण 3 ग्रेन. त्याआधी बंदुकीचा कान (प्याल्यातून नळीत जाणारं भोक) सुईने मोकळा करा. ठिणगी न पडण्याचं कारण बहुधा चकमकच असते. ती चामड्यात घट्ट हवी आणि तिची धार पोलादी पट्टीवर पूर्ण रुंदीत टेकायला हवी. बोथट झाली की बदला. बर्फ पडत असेल तर रंजक दर अर्ध्या तासाने बदला. ओली रंजक गोळा होऊन प्याल्याला चिकटते, बोटाने लगेच कळतं. रंजक भडकली तरी डोकं उचलू नका, माशी (नळीच्या टोकावरची नेमाची खूण) हरणावरच ठेवा. बार निघायला क्षणभर लागतो, आणि नेम चुकतो तो त्याच क्षणात.

बार झालाच नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबा. मचाणावर चढण्याआधी प्याला रिकामा करा.

इनलाइनमध्ये 209 प्रायमर दारूच्या सरळ मागे असतो, म्हणून दमट हवेतही बार भरवशाचा. 50 ग्रेनच्या दोन वड्या आणि 250 ग्रेनची सॅबो गोळी पुरते. पायरोडेक्सच्या (काळ्या दारूऐवजी वापरायच्या दारूच्या) वडीचं काळं टोक प्रायमरकडे ठेवा. आतल्या खाचांचा 28 इंचांत एक फेरा असलेल्या नळीत सॅबो स्थिर जाते. चिंधीच्या गोळीला 66 इंचांचा संथ फेरा लागतो. बिनधुराची दारू दोन्हींत घालू नका, नळी फुटते. गोल गोळी 75 यार्डांच्या आत मारा. नीट सराव असेल तर इनलाइनने 150 पर्यंत.

काळ्या दारूची राख ओल ओढून घेते, रात्रभरात गंज चढतो. म्हणून त्याच संध्याकाळी गरम पाण्याने धुवा, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत पुसा, तेल लावा. इनलाइनचा मागचा प्लग काढून आट्यांना न चिकटणारं ग्रीस लावल्याशिवाय परत बसवू नका. नाहीतर पुढच्या वर्षी तो निघणारच नाही.