आर्केडचा फायटिंग गेम आणि त्याचा घरचा पोर्ट: तुलना नीट कशी करावी

दोन स्क्रीनशॉट शेजारी-शेजारी चिकटवून ‘बघा, डिट्टो आर्केड!’ असं लिहिणाऱ्यांचा सुळसुळाट आहे. फायटिंग गेम हा चित्रांचा अल्बम नाही. उडी किती वेळ हवेत राहते, बटण दाबल्यावर लाथ कधी निघते, हातून काय काय काढून घेतलंय, यावर पोर्ट, म्हणजे आर्केडच्या गेमची घरच्या कन्सोलसाठी बनवलेली आवृत्ती, बरा की वाईट ते ठरतं. फोटोत यातलं काहीच दिसत नाही.

१. कोणत्या आर्केडशी तुलना, ते आधी ठरवा

सातारा-सांगलीकडच्या पार्लरांत नव्वदच्या दशकात टोकन टाकून खेळलेल्यांना ‘स्ट्रीट फायटर २’ म्हटलं की हवेतून सुटणारे हाडोकेन (हातातून फेकायचे ऊर्जेचे गोळे) आणि खेळता खेळता स्टार्ट दाबून बदलणारं पात्र आठवतं. तो मूळ कंपनी कॅपकॉमचा गेम नव्हेच. ती ‘चॅम्पियन एडिशन’वर हात मारून बनवलेली ‘रेनबो एडिशन’ जातीची नकली पाटी (आर्केड यंत्रातला सर्किट बोर्ड). तिच्या आठवणीवरून सुपर निन्टेंडो या घरच्या कन्सोलच्या कॅसेटला नावं ठेवाल, तर निकाल पहिल्याच पायरीला चुकला. घरच्या ८-बिटच्या चायना सेटवरची ‘स्ट्रीट फायटर’ची कॅसेटही बाजूला ठेवा. त्या यंत्रावर ‘स्ट्रीट फायटर २’ अधिकृतपणे आलाच नाही. आणि ‘मुस्तफा’ (‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’) यात आणू नका. तो फायटिंग गेम नाही आणि आर्केडच्या त्या गेमचा घरगुती पोर्ट तेव्हा निघालाही नाही.

आवृत्ती जुळलीच पाहिजे. १९९२ ची सुपर निन्टेंडोची कॅसेट ही १९९१ च्या मूळ ‘वर्ल्ड वॉरियर’ची, तर सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलची १९९३ ची कॅसेट ‘स्पेशल चॅम्पियन एडिशन’ची. दोघींना एकाच आर्केडसमोर उभं केलं की एकीवर हमखास अन्याय होतो.

२. सामान

आर्केडची मूळ आवृत्ती विकतच्या संग्रहात मिळते. ‘स्ट्रीट फायटर थर्टिएथ ॲनिव्हर्सरी कलेक्शन’मध्ये (२०१८) आर्केडचे १२ गेम आहेत, निओ जिओच्या (एसएनकेची आर्केड पाटी आणि तिचाच घरचा कन्सोल) गेमसाठी हॅमस्टर कंपनीची ‘एसीए निओजिओ’ मालिका आहे. फुकट रॉमच्या (गेमच्या उतरवलेल्या फाइलींच्या) साइटवर हिंडायची गरज नाही. याशिवाय सेकंदाला २४० फ्रेमने (चित्रांनी) स्लो मोशन घेणारा मोबाइल, स्टँड आणि वही.

३. एकच टीव्ही, एकच कंट्रोलर

कन्सोल डबा टीव्हीवर आणि आर्केड लॅपटॉपवर, असली तुलना कचऱ्यात टाका. दोन्ही एकाच पडद्यावर, एकाच जॉयस्टिकने. एलसीडी असेल तर गेम मोड चालू करा. जॉयस्टिक जोडायची ‘झिरो डिले’ नावाची यूएसबी पाटी स्वस्त मिळते, पण नावावर भाळू नका, तिलाही स्वतःचा उशीर असतो. दोन्हीकडे तीच वापरली की हरकत नाही.

डबा टीव्ही भंगारवाल्याकडून किंवा जुन्या दुरुस्तीवाल्याकडून घेताना जपानी-अमेरिकी कन्सोल लावूनच बघा. फक्त पॅल (आपल्याकडची टीव्ही सिग्नलची पद्धत) समजणारा टीव्ही एनटीएससी (जपान-अमेरिकेची पद्धत) सिग्नलवर काळं-पांढरं चित्र देतो, कधी चित्र वरखाली पळतं. अँटेनाच्या वायरीतून जोडलं तर चित्र येतं आणि आवाज गायब, कारण आपल्याकडे आवाजाची लहर चित्रापासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते आणि त्यांच्याकडे ४.५ वर. कन्सोल त्यात बिघडलेला नसतो. दुरुस्तीवाल्याला पैसे देण्याआधी पिवळ्या-पांढऱ्या पिनांची एव्ही वायर लावून बघा. आणि टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत विजेचा जीवघेणा दाब राहतो.

४. वेग

सगळी गडबड इथे होते, म्हणून इथे घाई करू नका.

आपला टीव्ही पॅल, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र. आर्केडची पाटी आणि जपानी-अमेरिकी कन्सोल ६० च्या आसपास. पॅल कन्सोलसाठी निघालेले कितीतरी गेम ५० ला जुळवून घेण्याची तसदी कोणी घेतलीच नाही. गेम तोच, फक्त प्रत्येक फ्रेम जास्त वेळ टिकते. पात्रं पाण्यात चालल्यासारखी हलतात, संगीत रेंगाळतं, वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि चित्र दबल्यासारखं दिसतं. लोक यावरून ‘पोर्ट ढिला आहे’ म्हणतात. पोर्टचा त्यात दोष नाही, तोच गेम ६० वर चालवला की सरळ होतो. म्हणून पहिलं काम, समोरचा कन्सोल ५० वर चालतोय की ६० वर ते बघा आणि वहीत सगळ्यात वर लिहा.

आकड्यांतही घोळ होतो. ६० वरून ५० वर आलं की वेग १६.७ टक्क्यांनी कमी होतो, पण लागणारा वेळ २० टक्क्यांनी वाढतो. आर्केडवर १० सेकंदांत होणाऱ्या हालचालीला १२ सेकंद लागतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एका तक्त्यात एकच वापरा. वेळच मोजा, ती सोपी.

मोजायचं असं. दोन खेळाडूंच्या मोडमध्ये जा, दोन्हीकडे वेळेची सेटिंग सारखी ठेवा, कोणीही हात न लावता ९९ पासून ० पर्यंत घड्याळ चालू द्या आणि स्टॉपवॉचने वेळ घ्या. फटका मारायचा नाही, कारण प्रत्येक फटक्याला गेम क्षणभर थबकतो आणि हिशोब बिघडतो. पडद्यावरचा एक आकडा म्हणजे एक सेकंद असं धरू नका. आपल्याला दोन आवृत्त्यांतलं गुणोत्तर हवंय.

पण एवढ्यावर निकाल देणारे बरेच फसतात. पोर्ट करणाऱ्यांनी घड्याळ वेगळं लावलेलं असू शकतं. म्हणून दुसरं माप घ्या, उदाहरणार्थ ‘स्ट्रीट फायटर’मधल्या र‍्यूची जागच्या जागी सरळ उडी. मोबाइल स्टँडवर लावून २४० फ्रेमने चित्रण करा, पाय जमिनीवरून सुटल्यापासून परत टेकेपर्यंतच्या फ्रेम मोजा. कॅमेऱ्याची एक फ्रेम ४.१७ मिलिसेकंदांची. ६० वर चालणाऱ्या गेमची एक फ्रेम तुमच्या चित्रणात ४ फ्रेम टिकते, ५० वरची ४.८, म्हणजे बहुतेक वेळा पाच, अधूनमधून चार.

आता दोन्ही मापं शेजारी ठेवा. घड्याळ आणि उडी, दोघांचा वेळ सारख्याच प्रमाणात वाढलाय? मग अख्खा गेम हळू चालतोय, ५० हर्ट्झचा मामला. उडी जुळते आणि घड्याळ नाही? मग फक्त घड्याळ बदललंय, खेळावर परिणाम नाही. घड्याळ जुळतं आणि उडी नाही? मग पोर्ट करणाऱ्यांनी हालचालींनाच हात लावलाय, आणि सविस्तर लिहिण्यासारखी बाब तीच आहे. हे तीन प्रकार वेगळे न करता ‘स्लो वाटतो’ लिहिणाऱ्याचं पुढचं काही वाचू नका.

चित्रणात दोन गोष्टी दगा देतात. पहिली, उजेड. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि स्लो मोशनमध्ये चित्र धडधडतं. दिवसा खिडकीजवळ चित्रण करा, दिवे बंद. दुसरी, मोबाइलची थापेबाजी. काही फोन २४० सांगतात आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतात. गेमची एकेक फ्रेम सरकवून बघा. दोन पोझेस एकमेकांत विरघळलेल्या दिसल्या तर तो फोन या कामाचा नाही. डबा टीव्हीवर चित्र वरून खाली रंगवलं जातं, तेव्हा दर वेळी पडद्याच्या एकाच उंचीवर बघून मोजा. पायांची पातळी सोयीची.

आर्केडचा गेम मेमवर (MAME, संगणकावर आर्केड गेम चालवणारा प्रोग्राम) चालवत असाल तर मोबाइलचीही गरज नाही. गेम थांबवा, एकेक फ्रेम पुढे न्या, बोटावर मोजा. मात्र ‘सिंकरिफ्रेश’ ही सेटिंग बंद ठेवा. ते चालू असलं की गेमचा वेग तुमचा मॉनिटर ठरवतो. ‘स्ट्रीट फायटर २’ जिच्यावर चालतो ती कॅपकॉमची सीपीएस-१ पाटी सेकंदाला ५९.६ च्या आसपास चालते, तिथे फरक डोळ्याला कळणार नाही. ‘मॉर्टल कॉम्बॅट २’ची पाटी मात्र साधारण ५४.७ वर चालते. तिला ६० च्या मॉनिटरने ओढलं की गेम जवळपास १० टक्के जलद पळतो, आणि मग बिचाऱ्या कन्सोलच्या पोर्टवर ‘सुस्त’ असा शिक्का बसतो.

‘टर्बो’ आवृत्त्यांत आणखी एक भानगड आहे. सुपर निन्टेंडोच्या ‘स्ट्रीट फायटर २ टर्बो’त वेग ताऱ्यांनी निवडायचा असतो. किती तारे ठेवले ते लिहिलं नाही तर बाकीचे सगळे आकडे फुकट.

५. बटणाचा उशीर

बटण आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन २४० ने चित्रण करा. बटण पूर्ण खाली गेल्यापासून पात्राची पहिली हालचाल दिसेपर्यंत मोजा. हलका ठोसा वापरा. एका दाबावर विश्वास ठेवू नका. बोट फ्रेमच्या सुरुवातीला पडलं की शेवटी, एवढ्यावरच १६.७ मिलिसेकंदांपर्यंत फरक पडतो. २० वेळा दाबा, आकडे चढत्या क्रमाने लावा, मधल्या दोघांची सरासरी घ्या. टीव्ही आणि जॉयस्टिकचा उशीर दोन्ही बाजूंना सारखाच मिसळलेला असतो, म्हणून फक्त फरक लिहा. ‘या पोर्टला अमुक मिलिसेकंद उशीर आहे’ असं सुटं वाक्य तुमच्या मापावरून लिहिता येत नाही.

बटणांची संख्याही बघा. मेगा ड्राइव्हच्या ३ बटणांच्या पॅडवर ठोसे आणि लाथा यांच्यात स्टार्ट दाबून बदल करावा लागतो. ६ बटणांचा पॅड नसेल तर ती तुलना करूच नका.

६. चित्र

सीपीएस-१ चं चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, सुपर निन्टेंडोचं २५६ बाय २२४. दोन्ही ४:३ च्याच पडद्यावर पसरतात. त्यामुळे कच्चे स्क्रीनशॉट शेजारी ठेवले की आर्केडचा र‍्यू फुगलेला आणि घरचा बारीक दिसतो, आणि दोन्ही खोटं. आधी दोन्ही चित्रं १२८० बाय ९६० ला ताणून घ्या, मग पात्राची उंची पडद्याच्या उंचीच्या किती टक्के आहे ते मोजा. पात्र खरंच लहान केलंय की नुसतं वेगळ्या जाळीवर बसवलंय, हे तेव्हाच कळतं.

चित्रात काटछाट का होते याचं कारण बहुतेक वेळा जागा असतं. ‘स्ट्रीट फायटर २’च्या आर्केडमध्ये नुसत्या चित्रांसाठी ६ मेगाबाइट, आणि सुपर निन्टेंडोची अख्खी कॅसेट १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट. एवढं लक्षात घेऊन बघितलं तर त्या पोर्टमध्ये काय उडालं यापेक्षा काय टिकलं याचंच जास्त नवल वाटतं.

७. आवाज

हेडफोन लावून ऐका. मेगा ड्राइव्हवर बोलण्याचे आवाज घशात अडकल्यासारखे येतात, कारण नमुना-आवाजासाठी (रेकॉर्ड केलेल्या आवाजासाठी) तिथे एकच वाट आहे. सुपर निन्टेंडोकडे ८ वाटा आहेत, पण त्या सगळ्यांना मिळून ६४ किलोबाइट जागा.

८. काय कापलंय

यादी करा, आणि खेळ बदलणारी काटछाट वरच्या बाजूला ठेवा. ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’चा सेगाच्या सॅटर्न कन्सोलवरचा पोर्ट ४ मेगाबाइटच्या जादा रॅम कार्ट्रिजवर चालतो आणि लढतीच्या मध्येच जोडीदार बदलू देतो. प्लेस्टेशनच्या २ मेगाबाइट रॅममध्ये ते बसलं नाही. तिथे जोडीदार फक्त मदतीला येऊन जातो. म्हणजे गेमचा गाभाच गेला. पार्श्वभूमीतला एखादा प्रेक्षक गायब होणं याच्यापुढे किरकोळ.

‘समुराई शोडाउन’मध्ये आर्केडचा कॅमेरा जवळ-दूर होतो. मेगा ड्राइव्हवर तो कायम जवळ अडकलेला आणि अर्थक्वेक हे पात्र गाळलेलं. सुपर निन्टेंडोवर पात्रं सगळी आहेत, पण कायम दूरून, लहान. कोणता बरा? मेगा ड्राइव्हवर लढताना मजा जास्त येते, पण अर्थक्वेकने खेळणाऱ्याला हे सांगायला जाऊ नका. ‘मॉर्टल कॉम्बॅट’च्या पहिल्या भागात सुपर निन्टेंडोवर रक्ताच्या जागी घाम आहे, मेगा ड्राइव्हवर ए-बी-ए-सी-ए-बी-बी दाबलं की रक्त येतं. बोंबाबोंब याचीच जास्त झाली, खेळावर मात्र शून्य परिणाम.

उलटंही घडतं. ‘सोलकॅलिबर’ १९९९ मध्ये सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलवर आला तो आर्केडपेक्षा देखणा. ‘टेकन ३’च्या प्लेस्टेशन पोर्टमध्ये पार्श्वभूमी सपाट झाली, पण गॉन आणि डॉक्टर बॉस्कोनोविच वाढले. वाढलेल्याची यादी वेगळी करा, कापलेल्यातून ती वजा करत बसू नका.

९. लोडिंग

सीडीच्या कन्सोलवर शेवटचा ठोसा पडल्यापासून पुढच्या लढतीत हात हलवता येईपर्यंतचा वेळ घ्या. निओ जिओची महागडी कॅसेट आर्केडशी तंतोतंत जुळते, कारण आतलं यंत्र तेच. तोच गेम निओ जिओ सीडीवर घेतला की एकपट वेगाच्या ड्राइव्हमुळे ताटकळत बसावं लागतं. कॅसेटवरही गाफील राहू नका. सुपर निन्टेंडोचा ‘स्ट्रीट फायटर अल्फा २’ फेरी सुरू होताना चक्क थबकतो, कारण तेव्हा आवाजाचे नमुने आवाजाच्या चिपच्या मेमरीत भरले जात असतात. हा वेळ वेगाच्या रकान्यात मिसळू नका, त्याचा रकाना वेगळा ठेवा.