सॉफ्टवेअर रेड (लिनक्सने अनेक डिस्क जोडून केलेला एक साठा) अडकलाय? रीबूट मारायच्या आधी हे बघा

अंबड-सातपूरमधल्या छोट्या कंपन्यांचे लिनक्स सर्व्हर बघतो, नाशिकमध्ये कुठूनही फोन आला तरी प्रश्न एकच, "सर, हँग झालाय, बंद करून चालू करू का?" नका करू. लॉग त्याच अ‍ॅरेवर (रेडने जोडलेल्या डिस्कच्या गटावर) असेल तर शेवटचे मेसेज लिहिलेच गेलेले नसतात, रीबूट केला की पुरावा गेला. आधी डीमेसेजचं (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) आउटपुट कॉपी करून दुसरीकडे ठेवा.

अडकलेल्या फोल्डरमध्ये एलएस (फाईलींची यादी दाखवणारी कमांड) मारू नका, तोही लटकेल. टॉप कमांडमध्ये लोड चढलेला, सीपीयू रिकामा आणि प्रोसेस डी स्टेटमध्ये (डिस्कची वाट बघत अडकलेल्या) असतील तर अडचण डिस्कची आहे, किल माइनस नाइन (जबरदस्तीने बंद करणारी कमांड) कितीही मारा, त्या मरत नाहीत.

मग प्रॉकमधली एमडीस्टॅट फाईल (रेडची स्थिती) बघा, त्यात प्रत्येक चालू डिस्कचा एक यू असतो. यूच्या जागी अंडरस्कोर दिसला तर कुठली डिस्क गेली ते तिथेच कळतं.

पण सगळे यू दिसले की खरी गंमत सुरू होते, मीही सुरुवातीला इथेच अडकायचो. लोक म्हणतात रेड ओके आहे, फाईलसिस्टीमच गंडली, आणि एफएससीके (फाईलसिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवायला निघतात. अरे थांबा! यू म्हणजे डिस्कला अजून अ‍ॅरेतून काढलेलं नाही, बस एवढंच. एमडीला (लिनक्सच्या रेड ड्रायव्हरला) स्वतःचा टाइमआउट नसतो, खालून एरर येईपर्यंत तो गुपचूप वाट बघतो. म्हणून आयओस्टॅट माइनस एक्स (डिस्कवरचा भार दाखवणारी कमांड) लावा आणि एमडी सोडून आतल्या एकेका डिस्कची लाईन बघा. बाकीच्या मोकळ्या आणि एकच १०० टक्के बिझी, अवेट (उत्तरासाठी लागणारे मिलिसेकंद) हजारांत, तर चोर सापडला. डीमेसेजमध्ये त्याच डिस्कचे लिंक रिसेट (कनेक्शन तोडून पुन्हा जोडल्याचे मेसेज) दिसतील. '१२० सेकंद ब्लॉक्ड' वाला मेसेज मात्र अडकलेल्या प्रोसेसचं नाव सांगतो, दोषी डिस्कचं नाही.

कारण बहुतेक वेळा स्वस्तात घेतलेली डेस्कटॉप डिस्क. खराब सेक्टर आला की ती दोन-दोन मिनिटं झगडत बसते, लिनक्स ३० सेकंदांत कंटाळून रिसेट मारतो, परत तेच. नॅसवाल्या (नेटवर्क स्टोरेजसाठी बनवलेल्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, मग एमडी तो डेटा बाकीच्या डिस्कवरच्या पॅरिटीतून किंवा कॉपीतून काढून सेक्टर परत लिहितो. स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणारी कमांड) एससीटी ईआरसी (डिस्क एररवर किती वेळ झगडेल ती मर्यादा) तपासा, चालत असेल तर ७० द्या (एकक दशांश सेकंद), नसेल तर सिसएफएसमधला (कर्नलच्या सेटिंगच्या फाईली) त्या डिस्कचा टाइमआउट १८० सेकंद करा. हे बूट स्क्रिप्टमध्ये टाका, नाहीतर लाईट गेली-आली की पुन्हा जैसे थे.

पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले) वाढतायत तर डिस्क बदला, सीआरसी एरर (डेटा वाटेत बिघडल्याच्या) वाढतायत तर आधी साटा केबल. दोन डिस्क एकदम गायब झाल्या तर पहिला संशय एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किंवा कंट्रोलरवर.

डिस्क थोडीफार वाचता येत असेल तर एमडीएडीएमचा (रेड सांभाळणारी कमांड) रिप्लेस (जुनी चालू ठेवून नवीवर कॉपी) वापरा, सरळ फेल (लगेच बाद करणं) नको. कोणी क्रिएट (अ‍ॅरे नव्याने बनवणं, जुना डेटा जाऊ शकतो) मारायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. आणि काढायच्या आधी सीरियल नंबर जुळवा, चांगली डिस्क ओढून काढणारे कमी नाहीत.