लहान मुलांना साबणाचे फुगे काढायला कसे शिकवावे

मुलाला फुगा काढायला सांगितले की ते एक गोल काढते आणि आपण कौतुक करून मोकळे होतो. पण लाडू, चेंडू, चंद्र, सगळ्यांचा गोल तोच. फुगा फुग्यासारखा दिसतो तो त्याच्यावर पडलेल्या उजेडामुळे आणि त्याच्यातून आरपार दिसणाऱ्या वस्तूंमुळे. म्हणून आधी फुगे सोडायचे, डोळे भरून बघायचे आणि मगच खडू हातात घ्यायचा.

आधी फुगे सोडा

याला कोकणातला पावसाळा फार सोयीचा. हवा ओलसर असली की फुग्याच्या पातळ पापुद्र्यातले पाणी लवकर उडून जात नाही, त्यामुळे फुगा जास्त वेळ टिकतो. सर थांबलेली असावी, वारा पडलेला असावा आणि पोरांना घेऊन पडवीत बसावे.

वाटीभर पाण्यात दोन मोठे चमचे भांडी घासायचा पातळ साबण आणि चमचाभर साखर घाला. हलक्या हाताने ढवळा, फेस होऊ देऊ नका. नळी म्हणून पपईच्या पानाचा पोकळ देठ उत्तम. मात्र त्याचा चीक पूर्ण निथळू द्या, देठ आतून-बाहेरून धुऊन घ्या. अगदी लहान मुले फुंकायच्या ऐवजी ओढतात, तेव्हा त्यांच्यासाठी तुम्हीच फुंका. मोगली एरंडाच्या चिकाचे फुगे आपल्याकडच्या मुलांना चांगलेच ठाऊक असतात. पण तो चीक झोंबतो आणि त्या झाडाच्या बिया विषारी असतात. लहानग्यांबरोबर तो खेळ नकोच.

बघायला शिकवा

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही पायरी, आणि नेमकी हीच गाळली जाते. मुलांना सांगू नका, विचारा. "फुग्यात आपली खिडकी कुठे दिसते?" थोडा वेळ दिला की कोणीतरी ओरडतेच, "दोन दिसतात!" खरेच दोन दिसतात. फुग्याची पुढची बाजू बहिर्गोल आरशासारखे काम करते, म्हणून तिच्यात खिडकी सुलटी दिसते. मागची बाजू आतून अंतर्गोल असते, तिच्यात खिडकी उलटी. एक वर डावीकडे असेल तर दुसरी खाली उजवीकडे. दोन्ही फुग्याच्या गोलाईप्रमाणे वाकलेल्या.

मग रंग विचारा. गुलाबी, हिरवा, पिवळा, निळा. साबणाच्या पाण्याला हे रंग नसतात. पापुद्र्याच्या बाहेरच्या आणि आतल्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यातून ते तयार होतात आणि पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे बदलतात. पाणी खाली ओघळत राहते, माथा पातळ होत जातो, म्हणून रंगांचे पट्टे सरकताना दिसतात. हे सारे पाच वर्षांच्या मुलाला समजावत बसू नका. पट्टे सरकतात एवढे त्याने पाहिले तरी पुष्कळ.

हात मोकळा करा

कागदाच्या आधी पुळणीवर न्या. ओहोटीची वेळ बघून जा, ओल्या वाळूत काठीने मोठमोठे गोल काढू द्या. मनगटाऐवजी अख्खा हात खांद्यापासून फिरला पाहिजे. साधारण तीन वर्षांचे मूल समोर काढलेला गोल बघून तसा काढू लागते. त्याहून लहान मूल नुसते गरगर रेघा मारते, तेही चालेल. बांगडी किंवा वाटी ठेवून गिरवायची घाई करू नका, हात आपोआप वळू द्या. गोल वाकडा झाला म्हणून टोकू तर मुळीच नका. नळीतून नुकताच सुटलेला मोठा फुगाही थरथरत, लांबट होतच पुढे जातो.

कागदावर

तीन-चार वर्षांच्या मुलांना पांढरा कागद आणि मेणबत्तीचा तुकडा द्या. मेणाने गोल काढायचे, कागदावर काहीच दिसत नाही. मग निळा जलरंग भरपूर पाण्यात पातळ करून वरून फिरवायचा. मेणावर रंग धरत नाही आणि पांढरे फुगे एकेक करून उमटतात. मुलांना हा प्रकार पुन्हापुन्हा करायचा असतो, तेव्हा कागद जास्तच ठेवा.

पाच वर्षांपुढच्यांना गडद निळा किंवा काळा कागद द्या. आधी मागचे दृश्य काढायचे: माड, कौले, होडी, जे समोर असेल ते. मग त्यावरून पांढऱ्या खडूने फुग्याची बारीक रेघ. इथे बहुतेक मुले माड फुग्याच्या कडेपाशी तोडतात आणि फुग्याच्या आत रंग भरतात. अशा वेळी एक फुगा हवेत सोडा आणि त्यातून माडाकडे बघायला लावा. माड आतूनही दिसतो हे कळले की मूल स्वतःच तो पुढे नेते. त्यानंतर दोन वाकड्या खिडक्या, एक ठळक, एक फिकट. रंग फक्त कडेकडेने, आणि तेही बोटाने पुसून मऊ केलेले. मधला भाग मोकळा सोडायचा.

मुलाच्या कागदावर तुम्ही रेघ मारू नका. दाखवायचेच असेल तर स्वतःचा कागद घेऊन शेजारी बसा.

थोड्या मोठ्यांसाठी

स्टीलच्या ताटाला साबणाचे पाणी लावून त्यावर नळीने दोन फुगे चिकटवून फुगवा. दोन्ही सारखे असतील तर मधली भिंत सपाट दिसते. एक लहान असेल तर भिंत मोठ्याच्या पोटात शिरते, कारण लहान फुग्यातला हवेचा दाब जास्त असतो. असे जोडफुगे काढताना मुले एकावर एक पूर्ण गोल काढतात. ताट समोर ठेवले की ते आपसूक सुटते. पागोळ्यांखालच्या पाण्यात उठणारे बुडबुडे मात्र अर्धेच वर दिसतात, ते अर्धगोल काढायचे.

पावसाळ्यात जलरंगाचे कागद लवकर वाळत नाहीत. एकावर एक रचले तर चिकटतात, बुरशीही धरते. पडवीत दोरी बांधा आणि कपड्यांच्या चिमट्यांनी सुटे सुटे टांगा.