हिरवी टिक खोटी बोलते तेव्हा

एका दूध संकलन केंद्राचं वेब-ॲप मी सांभाळतो. पहाटे सहाला सचिवांचा फोन आला, "अहो, हिरवी टिक आली, पण यादीत नोंदच नाही!" चूक माझी होती. सर्व्हर कोसळला तर कॅच (एरर आली की चालणारा कोडचा भाग) पकडेल, या भरवशावर मी होतो.

फेच, म्हणजे ब्राउझरमधून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, तसं वागत नाही. सर्व्हरने ५०० (सर्व्हरमध्येच बिघाड, असा स्टेटस कोड) पाठवला तरी त्याच्या लेखी उत्तर आलं, विषय संपला. नेटवर्क तुटलं, ब्राउझरने सीओआरएससाठी (दुसऱ्या डोमेनचं उत्तर वाचू देण्याचे नियम) अडवलं किंवा रिक्वेस्ट मध्येच रद्द झाली, अशा वेळीच तो कॅचमध्ये जातो. म्हणून उत्तर हातात आल्यावर आधी त्याचं 'ओके' तपासा. स्टेटस २०० ते २९९ च्या बाहेर असेल तर एरर स्वतः थ्रो करा. ॲक्सिऑस ही फेचऐवजी वापरतात ती लायब्ररी हे आपणहून करते.

उत्तरातलं जेसन (डेटा पाठवायचा मजकुरी फॉरमॅट) लगेच वाचायलाही धावू नका. ५०२ (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर आलं नाही) बहुतेकदा तुमच्या ॲपचा नसतो, पुढे बसवलेल्या एनजिनएक्सचं (रिक्वेस्ट ॲपकडे पोचवणाऱ्या सर्व्हरचं) एचटीएमएल पान असतं. जेसन वाचणारा पार्सर त्या पानाच्या पहिल्याच कंसाला (<) अडखळतो आणि लॉगमध्ये ५०२ ऐवजी सिंटॅक्स एरर दिसते. मी यात अख्खी दुपार घालवली आहे. आधी स्टेटस लॉग करा, मग कंटेंट-टाइप (उत्तर कोणत्या फॉरमॅटमध्ये आहे ते सांगणारा हेडर) बघा.

खरी मेख आहे रिट्रायमध्ये, म्हणजे रिक्वेस्ट पुन्हा पाठवण्यात. गेट रिक्वेस्ट (फक्त माहिती मागणारी) दोन-तीनदा खुशाल पाठवा, पण १, २, ४ सेकंद थांबत, त्यात थोडा रँडम वेळ मिसळून. नाहीतर सगळी केंद्रं एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात. ५०३ (सर्व्हर सध्या उपलब्ध नाही) सोबत रिट्राय-आफ्टर हेडर (किती वेळाने पुन्हा यायचं ते) आला तर त्याचं ऐका.

पोस्टचं, म्हणजे नवी नोंद पाठवणाऱ्या रिक्वेस्टचं, तसं नाही. ५०४ (वेळेत उत्तर आलं नाही) म्हणजे काम झालं नाही, असं समजू नका. सेटिंग बदललं नसेल तर एनजिनएक्स ६० सेकंद वाट बघून हात वर करतो. तोवर मागे डेटाबेसमध्ये नोंद झालेलीही असते. आमच्याकडे एकाच म्हशीचं साडेसहा लिटर दूध दोनदा चढलं. शेतकऱ्याने तक्रार केली नाही, हे ओघाने आलंच.

उपाय असा: फॉर्म उघडतानाच ब्राउझरच्या क्रिप्टोमधल्या रँडम-यूयूआयडी फंक्शनने एक सहसा कधीच जुळणार नाही असा आयडी बनवा (एचटीटीपीएस हवंच), प्रत्येक प्रयत्नात तोच पाठवा आणि डेटाबेसच्या टेबलात त्या कॉलमला युनिक कन्स्ट्रेंट (तीच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम) लावा. तोच आयडी पुन्हा आला तर सर्व्हरने एरर न देता जुनीच नोंद परत द्यावी.

नोंद पाठवताना बटण बंद, फायनलीमध्ये (यश येवो वा एरर, शेवटी चालणारा कोडचा भाग) चालू. आणि स्क्रीनवर 'इंटर्नल सर्व्हर एरर' नको. आमच्याकडे आता येतं: "नोंद पोचली की नाही, कळलं नाही. फॉर्म बंद न करता 'पुन्हा पाठवा' दाबा. दूध दोनदा धरलं जाणार नाही."