मधुमेह नुकताच कळलाय आणि पायांना मुंग्या येतायत? पहिल्या काही महिन्यांत काय करावं

मधुमेहाचा रिपोर्ट हातात पडला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष साखरेच्या आकड्यांकडे लागतं. बोटांना येणाऱ्या मुंग्या, रात्री होणारी तळव्यांची आग, पांघरूण नुसतं घासलं तरी सहन न होणं, हे सगळं ‘साखर कमी झाली की थांबेल’ म्हणून मागे पडतं. काहींचं खरंच थांबतं. काहींचं थांबत नाही. आणि काही जणांचे पाय तर औषधं सुरू झाल्यावर, साखर छान उतरत असताना, पहिल्यांदाच दुखायला लागतात. मग माणूस घाबरतो आणि औषधच बंद करून टाकतो. ते होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हे तीन प्रकार वेगळे ओळखायला सगळ्यात जास्त उपयोगी पडतात त्या तारखा. त्रास कधी सुरू झाला, औषध कधी सुरू झालं, साखर किती वेगाने खाली आली. हे कुठल्याही तपासणीत दिसत नाही. ते रुग्णानेच सांगायचं असतं, आणि नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

पायरी १ : तातडीचं काही नाही ना, हे आधी बघा

एका बाजूचा हात किंवा पाय अचानक बधिर किंवा लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलताना जीभ अडखळू लागली, तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा. दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक कमी होत वर वर चालली असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल किंवा बसण्याच्या जागेला बधिरपणा आला असेल, तरीही थांबायचं नाही.

पायावर जखम, फोड किंवा काळं पडलेलं बोट दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेलं असेल तर ते फारसं दुखत नसलं तरी दाखवा. संवेदना कमी झालेल्या पावलात आतली हाडं मोडत, सरकत असतात आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. याला शार्को पाऊल म्हणतात. वेळेत पायावरचा भार काढला तर पावलाचा आकार वाचतो.

ओठांभोवती मुंग्या, घाम, थरथर, छातीत धडधड असं एकदम सुरू झालं तर साखर उतरलेली असू शकते. मीटरवर आकडा ७० च्या खाली असेल तर लगेच ग्लुकोज किंवा साखर घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. मीटर हाताशी नसेल तर ते शोधण्यात वेळ न घालवता आधी साखर घ्या.

पायरी २ : दुखणं कागदावर उतरवा

‘पाय दुखतात’ एवढ्यावरून डॉक्टरांना काहीच कळत नाही. कुठे, कसं, केव्हा आणि किती, हे लिहा. नोंद साधारण अशी असावी : ‘दोन्ही पाय. अंगठ्यापासून चवड्यापर्यंत. आग आणि सुया टोचल्यासारखं. रात्री झोपायला गेल्यावर सुरू. १० पैकी ६. उठून थोडं चाललं की कमी.’ रोज दोन ओळी पुरे. शून्य ते दहा या मापात आकडा लिहायचा कंटाळा करू नका. औषध लागू पडतंय का, हे पुढे त्याच आकड्यावरून ठरतं.

‘कुठे’ या प्रश्नाला सगळ्यात जास्त महत्त्व आहे. मधुमेहात मज्जातंतूंना होणाऱ्या इजेची चाल बहुतेक वेळा ठरलेली असते. ती दोन्ही पायांत, बोटांच्या टोकांपासून सुरू होते आणि मोजा वर चढवावा तशी हळूहळू घोट्याकडे, मग पोटरीकडे सरकते. कमरेच्या भागातून निघून पायाच्या बोटांपर्यंत जाणारे तंतू शरीरात सगळ्यात लांब, सुमारे एक मीटरचे असतात. वाढलेल्या साखरेने आणि रक्तातल्या चरबीने या तंतूंना आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना इजा होते, आणि तिचा फटका आधी बसतो तो सगळ्यात लांबच्या टोकांना. हातांची पाळी सहसा त्रास पोटरीपर्यंत पोहोचल्यावर येते.

त्रास या चालीने जात नसेल तर कारणही दुसरं असण्याची शक्यता वाढते. पाय ठीक आहेत पण रात्री अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं, तेव्हा मनगटात नस दबली असू शकते. मधुमेहींमध्ये हे जास्त आढळतं. एकाच पायात कमरेपासून खाली कळ येत असेल तर ते बहुधा कमरेचं दुखणं. चालताना पोटरीत कळ येते आणि थांबलं की काही मिनिटांत जाते, हे पायाचा रक्तपुरवठा कमी झाल्याचं लक्षण असू शकतं आणि त्याची तपासणी वेगळी असते. सगळं खापर मधुमेहावर फोडलं तर बरे होण्यासारखे आजार तसेच राहून जातात.

पायरी ३ : तारखा एकाखाली एक मांडा

एका कागदावर चार गोष्टी लिहा : मुंग्या किंवा आग पहिल्यांदा जाणवली तो महिना, निदानाची तारीख आणि तेव्हाचं एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा रक्ततपासणीचा आकडा), प्रत्येक औषध सुरू झाल्याची किंवा डोस वाढवल्याची तारीख, आणि नंतरचं एचबीए१सी. आता या कागदाकडे बघा.

त्रास निदानाच्या बराच आधीपासूनचा असेल तर त्यात आश्चर्य नाही. टाइप २ मधुमेह अनेकदा काही वर्षं गुपचूप मुक्काम ठोकून असतो. म्हणून काहींच्या मज्जातंतूंना निदानाच्या दिवशीच इजा झालेली असते. याच कारणाने टाइप २ मध्ये पायांची तपासणी निदान झाल्याबरोबर आणि पुढे दर वर्षी करायची असते. टाइप १ मध्ये ती निदानानंतर ५ वर्षांनी सुरू करतात.

साखर खूप वाढलेली असताना मुंग्या सुरू झाल्या आणि ती आटोक्यात आल्यावर काही आठवड्यांत ओसरल्या, असंही होतं. ही त्यातल्या त्यात बरी बातमी. तरी पुढची वार्षिक तपासणी चुकवायची नाही.

तिसरा प्रकार फार कमी लोकांना माहीत असतो. एचबीए१सी समजा ११.५ होतं आणि इन्सुलिनने, गोळ्यांनी किंवा खाणं एकदम कमी केल्याने ते तीन महिन्यांत ७ वर आलं. सगळे शाबासकी देतायत आणि तुमच्या पायांत मात्र वणवा पेटलाय. तीन महिन्यांत एचबीए१सी २ अंकांपेक्षा जास्त उतरलं की काही जणांना असा तीव्र त्रास होऊ शकतो. तो साधारण साखर उतरल्यापासून आठ आठवड्यांच्या आत सुरू होतो. १९३३ साली इन्सुलिन सुरू केलेल्या रुग्णात तो पहिल्यांदा नोंदवला गेला, म्हणून त्याला बरीच वर्षं ‘इन्सुलिन न्यूरायटिस’ म्हणत. पुढे कळलं की इन्सुलिन न घेणाऱ्यांनाही तो होतो. खरं कारण साखर उतरण्याचा वेग. हे दुखणं फार कठीण असतं, झोप उडवतं, पण बहुतेकांमध्ये काही महिन्यांत, कधी वर्ष-दीड वर्षात, कमी होत जातं.

तुमची गोष्ट अशी असेल तर औषध मनाने बंद करू नका आणि साखर मुद्दाम वाढूही देऊ नका. कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा : ‘साखर फार वेगाने उतरल्यामुळे हे होतंय का? पुढचं उद्दिष्ट थोडं सावकाश गाठता येईल का?’ डोळ्यांचा पडदाही तपासून घ्या, कारण वेगाने साखर उतरताना तिथला जुना बिघाडही वाढू शकतो. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तेही सांगा.

पायरी ४ : घरी स्पर्शाची चाचणी करा

यासाठी कुठलंही उपकरण लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी बसवलेली आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली ही चाचणी घरातल्या कुणाकडूनही करून घेता येते.

मोजे काढून आडवे व्हा, डोळे मिटा. दुसऱ्याने आपल्या तर्जनीचं टोक तुमच्या बोटाच्या टोकाला अगदी अलगद, एक-दोन सेकंद टेकवायचं. दाबायचं नाही, घासायचं नाही, टिचकी मारायची नाही. स्पर्श जाणवला की तुम्ही ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचं. क्रम असा : उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवं मधलं बोट, डावं मधलं बोट. एखाद्या बोटाचा स्पर्श जाणवला नाही तर पुन्हा लावून बघायचं नाही. ‘नाही’ अशी नोंद करा आणि पुढे चला. घरच्या माणसाला इथे राहवत नाही, ‘आता तरी कळलं का?’ म्हणत तो जोर वाढवतो आणि चाचणी फुकट जाते.

सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी स्पर्श कळला नाही, तर पायांची संवेदना कमी झालेली असण्याची बरीच शक्यता आहे. डॉक्टरांना सांगा आणि सातव्या पायरीतली काळजी आजपासून सुरू करा. सगळं जाणवलं तरी रात्रीची आग खोटी ठरत नाही. आग आणि वेदना वाहून नेणारे बारीक तंतू वेगळे असतात.

पायरी ५ : डॉक्टरांकडे काय तपासून घ्यायचं

पायांची तपासणी काही मिनिटांची असते. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात, १२८ हर्ट्झचा कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवतात, टोचणी किंवा गार-गरम ओळखायला सांगतात, घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया आणि पावलाची नाडी बघतात. नस-तपासणी, म्हणजे नर्व्ह कंडक्शन, प्रत्येकाला लागत नाही. ती जाड तंतूंची असते. त्यामुळे तळवे पेटलेले असतानाही ती नॉर्मल येऊ शकते, आणि म्हणून ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ठरत नाही.

रक्तात बी-१२, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचं काम तपासलंय का, ते विचारा. मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बराच काळ घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकतं. नुकतंच सुरू केलं असेल तर सुरुवातीचा आकडा नोंदलेला बरा. दारू घेत असाल तर लपवू नका, तिनेही हाच त्रास होतो. क्षयरोगावरची किंवा कर्करोगावरची औषधं चालू असतील किंवा होऊन गेली असतील तर तेही सांगा. आणि ‘नसांच्या ताकदीच्या’ गोळ्या स्वतःहून महिनोन् महिने घेऊ नका. त्यांत बी-६ जास्त प्रमाणात असलं तर त्यानेच मुंग्या येऊ शकतात.

पायरी ६ : दुखण्याचं औषध नीट समजून घ्या

साखरेचं औषध आणि वेदनेचं औषध यांची कामं वेगळी आहेत. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ च्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणामुळे मज्जातंतूंच्या विकाराचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. टाइप २ मध्ये साखर उतरवण्याचा फायदा त्यापेक्षा कमी दिसतो. तिथे रक्तदाब, ट्रायग्लिसराइड, वजन आणि धूम्रपान यांकडेही तितकंच बघावं लागतं. वेदनेच्या गोळ्या तंतू दुरुस्त करत नाहीत, वेदनेचे संदेश शांत करतात. पण झोप परत मिळणं काही छोटी गोष्ट नाही, त्यामुळे त्या घेण्यात कमीपणा मानू नका.

डोकेदुखी-सांधेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या इथे फारशा चालत नाहीत, आणि त्यांतल्या बऱ्याच मूत्रपिंडाला त्रास देतात. इथे डॉक्टर प्रेगाबालिन, गाबापेन्टिन, ड्युलोक्सेटिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांपैकी काही देतात. शेवटची दोन नैराश्यासाठीही वापरतात. चिठ्ठीवर ती दिसली म्हणून ‘मला वेडा समजले’ असं वाटून घेऊ नका. प्रेगाबालिनने झोप, गरगर, पायांना सूज येऊ शकते. ड्युलोक्सेटिनने मळमळ. अमिट्रिप्टिलिनने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतो, लघवी अडकू शकते. हृदयविकार किंवा काचबिंदू असेल तर आधीच सांगा.

डोस लहान सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. योग्य डोसवर दोन ते चार आठवडे दिल्याशिवाय ‘लागू पडत नाही’ म्हणू नका. वेदना शून्यावर येईल अशी आशा धरली तर निराशाच होईल. आठाचं चार झालं तर औषध चांगलं काम करतंय. जमलं नाही तर दुसरं देता येतं किंवा दोन एकत्र देतात. यांतलं कुठलंही औषध एकदम थांबवायचं नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करत आणायचं.

पायरी ७ : पाय रोज बघा

रात्री झोपण्याआधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघा. वाकवत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. पाणी किती गरम आहे ते कोपराने बघा, पायाने नाही. तळव्यांची आग असो वा गारठा, गरम पाण्याची पिशवी आणि हीटर पायांपासून लांब ठेवा. भाजलेलं कळत नाही. घरातही अनवाणी फिरू नका. बूट घालण्याआधी आत हात घालून खडा, चुरगळलेलं अस्तर असं काही नाही ना ते चाचपा. भेगांना मलम लावा, पण बोटांच्या मध्ये नको. नखं सरळ कापा. कुरूप ब्लेडने कापणं किंवा त्यावर औषधी पट्टी लावणं पूर्ण बंद.

चालणं थांबवू नका. पायावर जखम असेल तेवढे दिवस मात्र डॉक्टरांना विचारून.

पायरी ८ : पुढच्या भेटी

वेदनेचं औषध सुरू झाल्यावर महिन्याभरात एकदा नोंदवही घेऊन जा. एचबीए१सी सुरुवातीला तीन महिन्यांनी. पायांची पूर्ण तपासणी वर्षातून एकदा, आणि संवेदना कमी झाली असेल तर त्याहून लवकर लवकर.

मुंग्या आणि आग आपोआप थांबली तर दोन शक्यता असतात : तंतू सावरतायत, किंवा ते बधिर होत चाललेत. बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं. त्यामुळे दुखणं गेल्यावर स्पर्शाची चाचणी पुन्हा करा आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघा. जाणवणारी बोटं कमी झाली असतील तर तारीख ठरलेली नसली तरी जाऊन दाखवा. आणि कुठल्याही भेटीत डॉक्टरांनी पाय बघायला मागितले नाहीत, तर खुर्चीवर बसल्या बसल्या स्वतःच बूट-मोजे काढून ठेवा.