परदेशी जाताना औषधांची बांधाबांध
सांगलीहून मुलाकडे दुबईला निघालेल्या आईवडिलांची औषधे भरताना आधी डॉक्टरांकडून, औषधांची मूळ नावे इंग्रजीत लिहिलेली, सही-शिक्क्याची चिठ्ठी घ्यावी. माझ्या मते ती पासपोर्टाइतकीच जपावी, कारण आपल्याकडचा ब्रँड तिथे कोणी ओळखेलच असे नाही. गोळ्या डबीत सुट्ट्या करू नयेत. पट्टी कापलीच, तर नाव आणि मुदतीची तारीख असलेला कोपरा शाबूत राखावा. इन्सुलिन मात्र हातातल्या पिशवीतच हवे, कारण मोठ्या बॅगेबरोबर विमानाच्या पोटात ते गोठू शकते आणि एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरण्याजोगे राहत नाही. कोडीन हा अफूजन्य घटक असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रामाडॉल हे तीव्र वेदनांवरचे औषध यांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण असल्याने त्यांची परवानगी निघण्यापूर्वीच काढावी.