जुन्या फर्ग्युसनचं साल काढताय? या चुका टाळा

गोठ्याशेजारी आजोबांचा राखाडी फर्ग्युसन टीई २० ट्रॅक्टर उभा असतो. घरातलं थोरलं माणूस सांगतं, "अठ्ठेचाळीसचा आहे," आणि सगळे तेच धरून चालतात. पिस्टन-लायनर मागवले की घोळ कळतो. स्टँडर्ड कंपनीच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आधी ८० मिमी होता, १९५१ च्या सुरुवातीला तो ८५ झाला. म्हणून साल नीट काढायलाच हवं, आणि तरीही माल मागवण्याआधी बोअर मोजायचाच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे इंजिन नंबरावरून साल ठरवणं. एवढ्या वर्षांत इंजिन बदललेलं असू शकतं. ट्रॅक्टरचा स्वतःचा नंबर डॅशबोर्डवरच्या पाटीवर असतो: टीई, टीईए, टीईडी किंवा टीईएफ, आणि पुढे आकडे. ही अक्षरंही महत्त्वाची. टीईए म्हणजे पेट्रोल. टीईएफ म्हणजे डिझेल, ते १९५१ पासून आलं. पाटीवर टीईए असून बॉनेटखाली डिझेल बसलेलं दिसलं, तर ते इंजिन दुसरीकडून आलंय.

या पाटीला वायर ब्रश किंवा पॉलिश पेपर कृपा करून लावू नका. आकडे एकदा घासले गेले की परत येत नाहीत. रॉकेलचं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने मळ काढा. मग पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी फिरवा, आकडे उमटतात. संध्याकाळी बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाडला की ३ आहे की ८, तेही कळतं. आमच्या मामांच्या ट्रॅक्टरचा असा उमटवलेला कागद मी आरसी बुकात जपून ठेवलाय.

नंबर मिळाला तरी कारखान्याची सालवार नंबरांची यादी वाचताना गफलत होते. यादीत वर्षासमोर त्या वर्षाचा पहिला नंबर असतो. १९५० समोर १,१६,५५२ आहे आणि १९५१ समोर १,६७,९२४. म्हणजे १,५०,००० नंबरचा ट्रॅक्टर १९५० चा, १९५१ चा नव्हे.

रंगावर तर मुळीच जाऊ नका. टीई २० चं उत्पादन १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधल्या कोव्हेन्ट्रीत झालं, रंग राखाडी. लाल रंग १९५७ च्या अखेरीस नंतरच्या फर्ग्युसन ३५ मॉडेलवर आला, पण पुढे लोकांनी जुन्या राखाडी ट्रॅक्टरांनाही हौसेने लाल रंग दिला. ३५ असेल तर सिलिंडर मोजा. डिझेलमध्ये आधी चार सिलिंडरचं स्टँडर्ड इंजिन होतं, तीन सिलिंडरचं पर्किन्स कंपनीचं इंजिन १९५९ च्या अखेरीस आलं. नंबर १९५८ चा आणि सिलिंडर तीन, तर इंजिन बदललेलं आहे.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो. कुठल्याही जुन्या मॅसी फर्ग्युसनला आपण "पस्तीस" म्हणतो, आणि भारतात बनलेल्या १०३५ मॉडेलचा नंबर कोव्हेन्ट्रीच्या यादीत शोधत बसतो. ती यादी तिथल्या कारखान्यातून निघालेल्या ट्रॅक्टरांची आहे, १०३५ ला ती लागू पडत नाही. आरसी बुकातही नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचं साल हे दोन वेगळे रकाने असतात. नोंदणी कधीकधी बऱ्याच उशिरा झालेली असते.

पाटीच गायब असेल तर ल्युकास कंपनीच्या डायनामोवर आणि स्टार्टरवर तारखेचा ठसा शोधा. दोन्ही एकाच सुमाराचे निघाले, तर ते मूळचे असण्याची शक्यता बरीच. तेव्हाही विकताना "अंदाजे" हा शब्द सालाआधी लिहा.